युनायटेड रसातळाला गेलं, तरी बातम्या त्यांच्याच का?

प्रश्न असा आहे : "२०१३ पासून मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबची घसरगुंडी चालू आहे, तरी इंग्लिश पत्रकार आणि टीव्हीवाले सारखे त्यांच्याबद्दलच का बोलतात? लिव्हरपूल जिंकलं तरी बातमी युनायटेडची. हा सरळसरळ पक्षपात नाही का?"

आधी माझा रंग सांगून टाकतो, म्हणजे पुढचं किती गाळून वाचायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी लिव्हरपूलवाला. २५ मे २००५ ची चॅम्पियन्स लीगची इस्तंबूलची फायनल, आम्ही विरुद्ध मिलान. आपल्याकडे घड्याळात २६ तारीख लागली होती. मध्यंतराला मिलान ३-० ने पुढे होतं आणि खोलीतले बाकीचे दोघं झोपायला निघून गेले. मी आळसाने उठलो नाही, एवढंच, आणि शेवटी आम्ही जिंकलो. त्या आळसाचं फळ म्हणून हा संसार गळ्यात पडला तो आजतागायत.

माझा आतेभाऊ, ज्याला मी दादाच म्हणतो, तो कट्टर युनायटेड. पुण्यात त्याच्या वयाचे युनायटेडवाले पैशाला पासरी मिळतात, कारण घराघरात केबल आली त्याच सुमारास, १९९९ मध्ये, बायर्नविरुद्ध शेवटच्या दोन-तीन मिनिटांत दोन गोल करून युनायटेडने युरोपचा कप नेला होता. त्यात हा शिकला फर्ग्युसन कॉलेजात. "आमच्या कॉलेजला सरांचं नाव दिलंय" हा विनोद त्याने मला किमान दोनशे वेळा ऐकवलाय. (त्याचे सर म्हणजे युनायटेडचे २०१३ पर्यंतचे प्रशिक्षक सर अॅलेक्स फर्ग्युसन. कॉलेजला नाव आहे ते मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचं आणि इंग्रजी स्पेलिंगात एक 'एस' जास्त आहे, हे मीही त्याला दोनशे वेळा सांगितलंय.)

तर, तुमचा प्रश्न मी स्वतः कित्येक वर्षं तावातावाने विचारत होतो. ५ मार्च २०२३ ची रात्र आठवा. अ‍ॅनफिल्डवर, म्हणजे आमच्या मैदानावर, युनायटेडविरुद्ध ७-०. मध्यंतराला अवघा एक गोल होता, मग दुसऱ्या अर्ध्यात सहा. गाक्पो दोन, नुन्येझ दोन, सालाह दोन, शेवटचा फिर्मिनोचा. वरच्या मजल्यावर दहावीची परीक्षा चालू होती म्हणून मी तोंडात उशी धरून ओरडत होतो. आणि सकाळी बातम्या उघडल्या तर जिकडेतिकडे युनायटेड! त्यांचा प्रशिक्षक टेन हाखच्या पोरांनी हातपाय कसे गाळले, ब्रुनो फर्नांडिस मैदानावर कसा वागला, आता पुढे काय. सात गोल मारले आम्ही आणि चर्चा त्यांची. मी दादाला फोन करून हेच सुनावलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "अरे, तू सकाळपासून काय काय वाचलंस ते सांग बरं."

मोजलं. आठ लेख वाचले होते, त्यातले सहा युनायटेडची चिरफाड करणारे. सालाहवरचा एक चांगला मोठा लेख 'नंतर वाचू' म्हणून ठेवला होता. तो अजून ठेवलेलाच आहे.

तेव्हापासून माझं मत बदललं. दुकान त्यांचं आहे, पण गिऱ्हाईक आपण आहोत. युनायटेड जिंकलं तर त्यांचे लोक वाचतात. हरलं तर त्यांचे वाचतात, आमचे वाचतात, आर्सेनलचे वाचतात, मँचेस्टर सिटीचे वाचतात. मग संपादकाने काय छापावं?

हे समजायला इंग्लंडला जायला नको. आपल्या मराठी पेपरचं क्रीडापान घ्या. सगळं पान क्रिकेट, खाली कोपऱ्यात वृत्तसंस्थेकडून आलेली फुटबॉलची चिमूटभर बातमी, आणि मथळा 'युनायटेडला पराभवाचा धक्का'. धक्का कोणी दिला ते दुसऱ्या परिच्छेदात. डेस्कवरच्या माणसाचं जिंकलेल्या ब्रेंटफर्डशी काही वैर नसतं. रात्री पान सोडायचं असतं, मथळ्याला जागा दोन कॉलमांची असते आणि वाचकाच्या ओळखीचं नाव त्यात एकच असतं.

म्हणजे अन्याय झालाच तर तो लिव्हरपूलवर नाही, लहान क्लबांवर होतो. मे २०२५ मध्ये क्रिस्टल पॅलेसने सिटीला हरवून एफए कप घेतला. त्यांच्या इतिहासातला पहिला मोठा चषक. चारच दिवसांनी बिल्बाओला युरोपा लीगची, म्हणजे युरोपातल्या दुय्यम स्पर्धेची फायनल होती, युनायटेड विरुद्ध टॉटनहॅम. इंग्लंडच्या वीस संघांच्या लीगमध्ये त्या वर्षी युनायटेड पंधरावं आलं, टॉटनहॅम सतरावं. आमच्या सामना बघणाऱ्यांच्या ग्रुपवर त्या आठवड्यात पॅलेसचं नाव एकदा आलं आणि पंधराव्या-सतराव्याची भांडणं रात्री दोनपर्यंत चालली. ग्रुपवर पत्रकार एकही नाही, सगळे आपणच.

टीव्हीवर युनायटेडचे माजी खेळाडू फार दिसतात, ही तक्रार खरी आहे. नेव्हिल, कीन, फर्डिनंड, स्कोल्स. पण ज्या पिढीने चषक जिंकले तीच निवृत्त होऊन कॅमेऱ्यासमोर बसते. बीबीसीवर वर्षानुवर्षं हॅन्सन आणि लॉरेन्सन बसायचे, दोघंही आमचे, तेव्हा युनायटेडवाले बोंबलत होते. आज आमचा कॅरेगर आहेच की.

आणि 'कौतुक' म्हणाल तर त्याने युनायटेडचं भलं काय झालं? मार्च २०१९ मध्ये युनायटेडचा हंगामी प्रशिक्षक सोल्स्कियारच्या संघाने पॅरिसमध्ये जाऊन तिथल्या पीएसजीला चॅम्पियन्स लीगमधून बाहेर काढलं. फर्डिनंडने टीव्हीवरच सांगितलं की याच्यासमोर करार ठेवा आणि हवा तो आकडा लिहू द्या. महिना उलटायच्या आत त्याला कायम केलं. फर्ग्युसननंतरचे प्रशिक्षक घ्या : मोयेस, व्हान हाल, मोरिन्यो, सोल्स्कियार, टेन हाख, अमोरिम. प्रत्येक जण आला तेव्हा 'आता युनायटेड परत आलं' आणि वर्षा-दोन वर्षांत 'याला काढा'. पोग्बा या खेळाडूचं तर काय सांगावं! २०१२ मध्ये फुकट सोडला, २०१६ मध्ये ८ कोटी ९० लाख पौंड मोजून परत आणला, २०२२ मध्ये पुन्हा फुकट सोडला. सोन्याच्या व्यवहारात असं केलं असतं तर आमच्या आत्याने दादाला घरात घेतलं नसतं.

माझी पत्रकारांबद्दल खरी तक्रार इथे आहे. प्रशिक्षकाच्या खुर्चीवर इतकी शाई गेली की मालकाच्या खुर्चीसाठी फार उरली नाही. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला, तो बराचसा कर्ज काढून, आणि त्यातलं पुष्कळ कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. पुणेकराला हे समजावून सांगायला नको : भरलेला वाडा घ्यायचा, त्याच वाड्यावर कर्ज काढायचं, हप्ते वाड्याच्या भाड्यातून फेडायचे आणि डागडुजीचं नाव काढायचं नाही. मग छप्पर गळतं. मे २०२४ मध्ये आर्सेनलच्या सामन्यानंतर ओल्ड ट्रॅफर्डच्या छपरातून अक्षरशः धबधबा कोसळत होता, तो सगळ्या जगाने पाहिला. रॅटक्लिफ सहमालक म्हणून आला, सुमारे अडीचशे नोकऱ्या गेल्या, पुढच्या वर्षी आणखी कपात, कर्मचाऱ्यांचं फुकटचं जेवणही बंद.

त्यांचे चाहते हे पहिल्या दिवसापासून सांगत होते. काहींनी २००५ मध्येच 'एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर' नावाचा स्वतःचा क्लब काढला. २०१० मध्ये स्टेडियमभर ग्लेझरांच्या निषेधाचे हिरवे-सोनेरी मफलर दिसत होते. पण तेव्हा फर्ग्युसन जिंकत होता, आणि जिंकणाऱ्याच्या घरातली ओल कोणाला दिसत नाही. शिवाय त्याचा धाकही होता. मुलाविषयी दाखवलेल्या कार्यक्रमावरून तो २००४ ते २०११ बीबीसीशी बोललाच नाही. न आवडणारं लिहिलं की पत्रकार परिषदेचं दार बंद. रोज त्याच दारात उभं राहून पोट भरायचं तर माणूस किती लिहिणार?

आम्ही तरी कुठे धुतल्या तांदळाचे होतो! हिक्स आणि जिलेट या अमेरिकन जोडीने फेब्रुवारी २००७ मध्ये लिव्हरपूल घेतलं ते असंच उसन्या पैशावर. ऑक्टोबर २०१० मध्ये आम्ही तळातल्या तिघांत होतो. प्रकरण कोर्टात गेलं, क्लब ३० कोटी पौंडांना विकला गेला, तेव्हा सुटलो. आमच्या घरात हा पाहुणा साडेतीन वर्षं राहिला, त्यांच्याकडे वीस वर्षांनंतरही आहे. दादासमोर मी हे कबूल करत नाही, पण फरक एवढाच आहे.

'पक्षपात' हा शब्द मात्र मी लिव्हरपूलच्या बाबतीत जपून वापरतो, कारण खरा पक्षपात काय असतो ते त्या शहराने बघितलंय. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कपच्या उपांत्य सामन्यात चेंगराचेंगरी झाली. एकूण ९७ माणसं गेली. चौथ्या दिवशी 'द सन'ने पहिल्या पानावर 'सत्य' असा मथळा देऊन छापलं की लिव्हरपूलच्या चाहत्यांनी मेलेल्यांचे खिसे कापले आणि मदत करणाऱ्या पोलिसांवर लघवी केली. धादांत खोटं. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने कागद बाहेर काढले, तेव्हा पोलिसांनी जबान्या कशा बदलल्या ते उघड झालं. ती माणसं बेकायदेशीररीत्या मारली गेली आणि चाहत्यांचा दोष नव्हता, असा ज्यूरीचा निर्णय यायला २०१६ उजाडलं. सत्तावीस वर्षं. आजही त्या शहरातल्या कित्येक दुकानांत ते वर्तमानपत्र ठेवत नाहीत. त्यामुळे 'सालाहला मथळा दिला नाही' याला त्याच शब्दाने हाक मारायची मला लाज वाटते. आणि स्टेडियममध्ये युनायटेडचे खेळाडू गेले त्या १९५८ च्या म्युनिकच्या विमान अपघातावर किंवा हिल्सबरोवर घाणेरडी गाणी म्हणणारे दोन्हीकडे आहेत, ते आपल्या ग्रुपात नकोत.

दुसरा प्रकार न छापण्याचा. २०१४ ते २०१९ आपल्या बालेवाडीत एफसी पुणे सिटी खेळत होतं. इंडियन सुपर लीगच्या २०१८ च्या उपांत्य फेरीत बेंगळुरूशी इथे ०-० बरोबरी झाली आणि तिथे जाऊन छेत्रीच्या हॅट्ट्रिकने आपण ३-१ हरलो. पुढच्या वर्षी क्लब गुंडाळला आणि त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबाद आलं. ती बातमी आमच्या घरी येणाऱ्या पेपरात शोधायला मला चष्मा लागला. त्याच दिवशी मी सोलापूरच्या मित्राशी युनायटेडच्या बचावफळीवर अर्धा तास फोनवर बोललो होतो, हेही लिहितो, नाहीतर उत्तर एकतर्फी होईल.

आता शेवटचं. एप्रिल २०२५ मध्ये आम्ही लीगचं विसावं विजेतेपद घेतलं, युनायटेडच्या बरोबरीला आलो, आणि मी दादाला उन्हाळाभर जगू दिलं नाही. मग १९ ऑक्टोबरचा रविवार आला, पहिल्या अंघोळीची आदली रात्र. दुसऱ्याच मिनिटाला युनायटेडच्या एम्ब्यूमोने आम्हाला गोल मारला, आम्ही बरोबरी केली, आणि शेवटी शेवटी त्यांचा बचावपटू मग्वायरने डोक्याने घातला. मग्वायरने! अ‍ॅनफिल्डवर युनायटेड २०१६ नंतर पहिल्यांदा जिंकलं. पहाटे पाचला उटणं लावून बसलो होतो तेवढ्यात फोन. "अंघोळ झाली का रे? नाही, आम्ही काल रात्रीच घातली म्हणून विचारलं."

दुपारी तो फराळाला आला तेव्हा मात्र त्याचा चेहरा आंबट होता. सकाळपासून जिकडेतिकडे एकच : लिव्हरपूल ओळीने चौथा सामना हरलं, लिव्हरपूलचं काय बिघडलं, प्रशिक्षक स्लॉटचं आता कसं होणार. चकलीचा तुकडा मोडत म्हणाला, "जिंकलो आम्ही, आणि बातमी तुमची? हा पक्षपात नाही तर काय?"

मी विचारलं, "दादा, तू काय काय वाचलंस?"

"सगळं," तो म्हणाला. "दोनदा."