वाचकांचे प्रश्न : काडतुसावरचे आकडे

आमच्या .315 रायफलीच्या गोळीला व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) लावला, तर 8.2 मिमी भरते. .315 इंच म्हणजे 8 मिमी. मग नाव चूक की माप? (एक परवानाधारक, कन्नड)

दोन्ही बरोबर. रायफलीच्या नळीला आतून पीळदार खाचा असतात, म्हणून एकाच नळीचे व्यास दोन. खाचांमधल्या उंचवट्यांवरून मोजला की लहान येतो, खाचांच्या तळातून मोजला की मोठा. गोळी तळापर्यंत दाटून बसली तरच ती पीळ धरते आणि मागचा वायू बाजूने निसटत नाही. .315 हे उंचवट्यांवरचं माप, गोळी .323 इंचाची, म्हणजे तुमचे 8.2 मिमी. थ्री-नॉट-थ्रीचंही तेच : नळी .303, गोळी .311 ते .312.

सगळेच मात्र उंचवट्यांवरून नाव देत नाहीत. .308 विंचेस्टरचं नाव खाचांच्या तळावरून आलं, तर त्याच्याच नाटो भावंडाचं, 7.62×51 चं, उंचवट्यांवरून (.300 इंच म्हणजे 7.62 मिमी). नावात जमीन-अस्मानाचा फरक, काडतुसं बाहेरून जवळपास सारखी! .38 स्पेशलमध्ये तर .38 शोधूनही सापडत नाही, गोळी .357 इंचाची. जुन्या काडतुसांत गोळी पुंगळीच्या (दारू भरलेल्या नळकांड्याच्या) बाहेरच्या व्यासाइतकी जाड असे, तो आकडा नावात राहून गेला.

तुमचं .315 मुळात ऑस्ट्रियाचं लष्करी 8×50 आर मानलिखर. .303 हा फौजेचा बोअर (नळीचं माप) म्हणून नागरिकांना बंद, त्यामुळे आपल्याकडे शिकारी रायफलींसाठी हे चाललं. आकडे शेजारचे दिसतात म्हणून अदलाबदल करू नका. .303 ची पुंगळी 56 मिमी लांब, .315 ची 50.

.30-06, .30-30, .45-70 यांतला दुसरा आकडा कशाचा? (एक वाचक, लातूर)

तिन्हींत एकाच गोष्टीचा नाही, आणि गोम इथेच आहे. .45-70 मधले 70 म्हणजे 70 ग्रेन (वजनाचं बारीक एकक) काळी दारू. .30-30 मध्ये 30 ग्रेन बिनधुराची दारू. .30-06 मधला 06 मात्र वजन नव्हे, साल : 1906. .250-3000 सॅव्हेजने तर गोळीचा वेगच नावात घातला, सेकंदाला 3000 फूट. दारूचे हे आकडे त्या काळातल्या भरण्याचे आहेत. आजचं प्रमाण त्यावरून काढायचं नसतं.

ब्रिटिश नावात तिरकी रेघ दिसली तर समजा की मोठ्या पुंगळीचा गळा आवळला आहे. मार्टिनी-हेन्री या जुन्या ब्रिटिश रायफलीचं .577/450 म्हणजे .577 ची पुंगळी, .450 ची गोळी.

त्या मानाने युरोपची मेट्रिक पद्धत शहाणी. 7.62×39 मध्ये पहिला आकडा बोअरचा, दुसरा पुंगळीच्या लांबीचा, दोन्ही मिमीत. शेवटी ‘आर’ असेल तर बुडाला बाहेर आलेली कड आहे, जसं 7.62×54 आर. पण इथेही एक सापळा आहे. जर्मन 8×57 जे ची गोळी .318 इंचाची, 8×57 जेएस ची .323. जेएस काडतूस जुन्या जे नळीत मारलं तर मोठी गोळी अरुंद नळीत कोंबली जाते आणि दाब धोक्याच्या पातळीवर जातो. जुनी जर्मन रायफल वारशाने आली असेल तर नळीचं माप घेतल्याशिवाय काडतूस आणू नये.

बारा बोअर वीस बोअरपेक्षा मोठी कशी? आणि डब्यावर 65 किंवा 70 लिहितात ते काय? (एक शेतकरी, किनवट)

एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या ओतल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर : साधारण 18.5 मिमी. वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक लहान होणार, म्हणून वीस बोअर 15.6 मिमी. .410 ची बंदूक या हिशेबात येत नाही. ते सरळ इंचातलं माप आहे.

65 किंवा 70 ही काडतुसाची मिमीतली लांबी, तीही उडाल्यावर तोंड उघडल्यानंतरची. म्हणूनच न उडालेलं 70 चं काडतूस 65 च्या चेंबरमध्ये (नळीच्या बुडाशी काडतूस बसतं त्या जागेत) बिनबोभाट बसतं. बसलं म्हणजे चालतं असं नाही! उडताना तोंड उघडायला जागा उरत नाही, ते चेंबरपुढच्या निमुळत्या भागात अडकतं आणि दाब वाढतो. घरातल्या जुन्या दुनळी बंदुका बऱ्याचदा 65 च्या असतात. नळीच्या बुडाशी कोरलेलं पाहा. काही नसेल तर गनस्मिथकडून चेंबर मोजून घ्या.

याहून वाईट घोटाळा खिशात बारा आणि वीसची काडतुसं एकत्र ठेवल्याने होतो. विसाचं काडतूस बाराच्या चेंबरमधून पुढे सरकतं आणि नळीत अडकून बसतं. बार झाला नाही म्हणून माणूस मागून बाराचं भरतो, चाप ओढतो आणि नळी फुटते. विसाची काडतुसं पिवळी करतात ती यासाठीच. बार झाला नाही तर बंदूक उघडून नळीतून आरपार पाहिल्याशिवाय दुसरं काडतूस भरू नका.

पुंगळीच्या बुडावर ‘केएफ’ ही इंग्रजी अक्षरं असतात. ती बोअरची खूण का? (एक वाचक, परभणी)

नाही, ती कारखान्याची. केएफ म्हणजे पुण्याजवळची खडकी, ओएफव्ही म्हणजे जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव. शेजारचा दोन आकडी अंक बहुधा सालाचा असतो, त्याला बोअर समजू नका. बोअरचं पूर्ण नाव डब्यावर आणि नळीवर वाचा, आणि तेच परवान्यावरही आहे ना, हे ताडून पाहा.