पुणे ते नागपूर: अंतर आणि विमानाची वेळ
पुणे ते नागपूर हे सरळ रेषेतले हवाई अंतर सुमारे ६०० किलोमीटर आहे. परंतु त्याला ताशी ८०० किलोमीटर वेगाने भागून निघणारा पाऊण तास गृहीत धरून आपण पुढची एसटी ठरवू नये. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून नागपुरात उतरून उभे राहीपर्यंतची असते, आणि धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे व परवानगीची वाट पाहणे हे सारे तीत येत असल्यामुळे ती सव्वा तासाच्या आसपास किंवा पुढेही जाते. पुण्याचे लोहगाव विमानतळ हे मुळात हवाई दलाचा तळ, त्यामुळे माझ्या मते तेथे थोडी अधिकच सवड ठेवावी. एटीआरसारखे पंख्यांचे विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपासच उडते, तेव्हा आरक्षणापूर्वी विमानाचा प्रकारही पाहावा.