शब्दकट्टा : पोरका शब्द आधी हुडका

प्रश्न : सूनबाई ऑफिसला निघण्याआधी मोबाईलवर न्यूयॉर्क टाइम्सचं 'कनेक्शन्स' सोडवते. तिच्यामुळे मलाही नाद लागलाय. सोळा शब्दांचे चार-चारचे चार गट करायचे, चार चुका झाल्या की डाव संपला. मला एक गट झटकन दिसतो आणि नेमकी तिथेच चुकते. असं का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : ताई, झटकन दिसतो कारण तो दिसावा अशीच सोय केलेली असते. चार शब्द कोणीही जुळवेल. रचणाऱ्याचं कसब पाचवा शब्द पेरण्यात. तुमच्यासाठी मराठीत एक रचलंय :

झुरळ, रंधा, कानडी, पायरी, तमीळ, गिरमिट, डास, हातोडा, मल्याळम, ढेकूण, पक्कड, नाकतोडा, गुजराती, मुंगी, पटाशी, तेलुगू.

पेन्सिल घ्या, पुढचं लगेच वाचू नका.

कीटक मोजा : पाच. हत्यारं पाच. भाषाही पाच. पंधरा शब्दांची सोय लागली, पायरी एकटी उरली. बहुतेक जण इथे आंब्यात शिरतात आणि हापूस शोधत बसतात. हापूस नाही, तोतापुरी नाही, उंबराही नाही. मग पायरीच्या सुरुवातीला काय आहे? पाय! तसंच नाकतोड्याचं नाक, कानडीचा कान, हातोड्याचा हात. तिन्ही गटांतला आगाऊ गडी एका फटक्यात बाहेर. (करवत मी मुद्दाम टाळली. 'कर' म्हणजे हात, असं म्हणून नौपाड्यातल्याच कोणी संस्कृतवाल्याने मला धारेवर धरलं असतं.)

म्हणून बोट लावण्याआधी कुठेच न बसणारा शब्द हुडका. पाच शब्द जुळताना दिसले तर तो गट तूर्त सोडा आणि ज्यात चारच बसतात तो आधी लावा. सोळातून चार निवडण्याचे १८२० प्रकार होतात, त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही. 'एकच शब्द चुकला' असा इशारा आला की आपण चिडून लगेच एक शब्द बदलतो; पाचातून कोणता वगळायचा हे माहीत नसताना तसं करत गेलं, तर उरलेल्या चुका तिथेच खर्ची पडतात. इशारा लक्षात ठेवा, दुसऱ्या गटाकडे वळा. शब्दांची जागा बदलणारं बटणही वापरा, शेजारी ठेवलेल्या शब्दांचा मोह सुटतो.

पिवळा गट सर्वांत सोपा, मग हिरवा, निळा, आणि जांभळा सर्वांत तिरका. जांभळ्यात बऱ्याचदा अर्थाला महत्त्वच नसतं : शब्दात काही दडलेलं असतं, नाहीतर सगळ्यांच्या मागेपुढे एकच शब्द लागतो. अमेरिकन बेसबॉलचे संघ आले तर जिवाला लावून घेऊ नका. इतर तीन गट पक्के करा, चौथा फुकट मिळतो.

प्रश्न : अर्थ अडला की मी शब्दकोश बघतो. नातू म्हणतो, ही चीटिंग.
— एक आजोबा, ऐरोली

उत्तर : नातवाला सांगा, अर्थ बघणं चालतं, उत्तर बघणं नाही.

प्रश्न : सोसायटीच्या गणपतीत हा खेळ ठेवायचाय. मोबाईलशिवाय जमेल?
— एक वाचक, वाशी

उत्तर : छान जमेल. 'कनेक्शन्स' २०२३चं, पण बीबीसीच्या 'ओन्ली कनेक्ट' या कार्यक्रमात सोळा शब्दांची भिंत त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. त्यांचे नियम उचला : प्रत्येक संघाला अडीच मिनिटं, पहिले दोन गट सापडेपर्यंत हवे तितके प्रयत्न, पुढे फक्त तीन. शब्द पुठ्ठ्यांवर लिहा, म्हणजे हलवता येतात. विषय इथलेच घ्या. मासुंदा, उपवन, कचराळी हे ठाण्यातले तलाव ठेवलेत, तर सिद्धेश्वर जरूर घाला. तो तलावही आहे आणि महादेवाच्या नावांतही खपतो. मात्र रचून झालं की एखाद्या तिऱ्हाइताकडून सोडवून घ्या. दोन बरोबर उत्तरं निघाली, तर मंडपात भांडणं होतील. आणि घड्याळ सेक्रेटरींच्या हाती देऊ नका, त्यांची मुलं हमखास एखाद्या संघात असतात.