कपाटांच्या मागच्या बाजूला न्या

प्रश्न : मी रावेर तालुक्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. तीस मुलांना पुण्याला महासंगणक दाखवायला न्यायचं मनात आहे. सहकारी म्हणतात, एवढ्या लांब जाऊन काळी कपाटंच बघायची का? सर, तिथे मुलांना नेमकं काय दाखवू?

उत्तर : ताई, जरूर न्या. निवृत्तीआधी मी जळगावहून दोनदा मुलं नेली. पहिल्या खेपेला कपाटांसमोर उभं राहून वेगाचे आकडे सांगत बसलो आणि मुलं कंटाळली. दुसऱ्या खेपेला तिथल्या इंजिनिअरांना विनंती केली, आम्हाला मागच्या बाजूला न्या.

पुढे जमिनीतल्या जाळीतून गार वारा येतो, मागे तोच तापून बाहेर पडतो. आमचा एक मुलगा ओरडला, "सर, हे तर मे महिन्यातलं भुसावळ!" तिथून शिकवणं सोपं झालं. मोठ्या संगणकातला एकेक प्रोसेसर, म्हणजे आकडेमोड करणारी चिप, साधारण दोनशे वॅट वीज घेतो, म्हणजे घरच्या कूलरएवढी. ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर येते. असे शेकडो प्रोसेसर एका खोलीत! पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेतल्या 'परम ब्रह्म' महासंगणकाची क्षमता सुरुवातीला ७९७ टेराफ्लॉप्स होती, म्हणजे सेकंदाला ७९७ लाख कोटी आकडेमोडी. तिथे नुसत्या वाऱ्यावर भागवलेलं नाही, द्रव थेट प्रोसेसरवरच्या पट्ट्यांतून फिरवला आहे.

इमारतीबाहेर कूलिंग टॉवर असेल तर तो चुकवू नका. पाण्याची वाफ होताना उष्णता निघून जाते, हे आपल्या वाळ्याच्या कूलरचंच तत्त्व. मे महिन्यात कूलर खोली गार करतो आणि जुलैत नुसती चिकचिक होते, हे खानदेशातल्या मुलांना सांगावं लागत नाही. टॉवरचीही दमट हवेत तीच अडचण.

काम वाटून घेणं मात्र निघण्याआधी वर्गातच समजवा. चाळीस बायका चाळीस ओळींत कापूस वेचतात, तसे प्रोसेसर एकाच वेळी राबतात. पण शेवटची ओळ संपेपर्यंत गाडी भरून निघत नाही. प्रोसेसरांनाही एकमेकांच्या उत्तरांसाठी असंच थांबावं लागतं, म्हणूनच ती उत्तरं पोचवणाऱ्या कपाटांमधल्या वेगवान केबलींना एवढं मोल. सी-डॅक ही महासंगणक बनवणारी सरकारी संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिचा 'परम ८०००' हा महासंगणक उभा राहिला, तोही अनेक प्रोसेसर जोडूनच. ही गोष्ट मी प्रत्येक तुकडीला सांगायचो.

परवानगीचं पत्र आधी पाठवा. आत पंख्यांचा आवाज इतका, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. प्रश्न बाहेरच विचारून घ्या. आणि मागच्या गल्लीत मुलांना दहा-दहाच्या गटाने सोडा, तीस जण एकदम मावत नाहीत.