थंडीत मान टाकणारं फूल

प्रश्न : गेल्या डिसेंबरात बाजारातून ख्रिसमस रोझची, म्हणजे हेलेबोरची, कुंडी आणली. पांढरी फुलं महिनाभर बैठकीत छान राहिली. मार्चमध्ये रोप मागच्या अंगणात सफरचंदाखाली लावलं. यंदा जेमतेम चार कळ्या आल्या, आणि परवाच्या कडाक्याच्या थंडीत त्याही जमिनीला टेकल्या. मी कोमट पाणी घातलं. पानांवर काळे डागही पडलेत. उपटून टाकू का? घरात दोन वर्षांचा नातू आहे आणि हे झाड विषारी असतं म्हणतात. – एक वाचक भगिनी, लेस्टर

उत्तर : ताई, उपटू नका. कळ्या टेकल्या म्हणजे झाड मेलं असं नाही. १९९८ साली मी वाईहून यॉर्कशायरला आले, आणि पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या वाफ्यात हेच पाहून हळहळले होते. सकाळी आठला दांडे मऊ पडून दंवाने पांढऱ्या झालेल्या जमिनीवर आडवे. दुपारी बाराला कपडे बघायला बाहेर गेले, तर तीच फुलं उभी! थंडी वाढली की पेशींतलं पाणी बाहेर झिरपतं आणि दांडा ढिला पडतो. ऊब आली की पाणी परत पेशींत शिरतं आणि दांडा ताठ होतो. तेव्हा सकाळी हात लावू नका, दुपारपर्यंत थांबा. कोमट पाणी मात्र पुन्हा घालू नका. रात्री ते मुळाशी गोठलं तर त्रास झाडालाच.

कळ्या कमी का आल्या, त्याचं कारण मला लावणीत दिसतं. बोटाने माती उकरून बघा. जिथून कोंब फुटतात तो गड्डा मातीत गाडला गेलाय का? माझं पहिलं रोप मी असंच खोल लावलं होतं, आपण हळद लावतो तसं. दोन हिवाळे नुसती पानं. तिसऱ्या वर्षी वरची माती काढून गड्डा जमिनीच्या पातळीला आणला, तेव्हा कुठे अकरा फुलं आली. शिवाय हे झाड मूळचं आल्प्सच्या डोंगरउतारावरचं, चुनखडीच्या मातीतलं, विरळ जंगलाच्या सावलीतलं. पाणी साचलेलं त्याला मुळीच सोसत नाही. सफरचंदाखालची जागा तुम्ही छान निवडलीत, हिवाळ्यात पानं गळून ऊन मिळतं आणि उन्हाळ्यात सावली. तिथे शरद ऋतूत कुजलेल्या पानांच्या खताचा थर द्या, गड्डा मोकळा ठेवून. आणि मुळांची हलवाहलव पुन्हा करू नका, रोप त्यावर रुसतं.

डागांचं नीट बघा. गोल, तपकिरी-काळे ठिपके असतील तर ती बुरशी आहे. तेवढी पानं देठापासून कापा आणि कचऱ्याच्या पिशवीत टाका, खताच्या ढिगात नको. पण काळे पट्टे शिरांच्या कडेने धावत असतील आणि नवे कोंब वेडेवाकडे येत असतील, तर तो विषाणूचा रोग. त्यावर औषध नाही. मग मात्र रोप मुळासकट काढून नष्ट करायचं.

विषारी आहे, हे खरंच. मूळ, पान, बी, सगळंच. चिकाने कातडीची आग होते, म्हणून पानं कापताना हातमोजे घाला. नातू अंगणात खेळत असेल तर वाफ्याभोवती गुडघाभर उंचीची जाळी लावा आणि फुलं घरात आणू नका. मी पूर्वी ती पितळी घंगाळात पाण्यावर तरंगत ठेवायची. नात झाल्यावर ते बंद केलं.

एक गंमत नातवाला कडेवर घेऊन दाखवा. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती खरं तर निदलं, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी पानं आहेत, म्हणूनच ती गळून न पडता महिनोन् महिने टिकतात आणि पुढे हिरवी होतात. खऱ्या पाकळ्यांच्या झाल्या आहेत इवल्या हिरवट नळ्या, केसरांभोवती कडं करून बसलेल्या. त्यांत मध असतो. उन्हं असलेल्या फेब्रुवारीच्या दुपारी भुंग्यांच्या राण्या तिथेच सापडतात.

प्रश्न : लंडनच्या मुलीकडून या हेलेबोरचं बी आणून नाशिकला लावता येईल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : दादा, नको. परवान्याशिवाय आणि रोगमुक्त असल्याच्या सरकारी दाखल्याशिवाय बी आणायला मनाई आहे. आणि आणलंत तरी या बियाला आधी ऊब, मग दोन-तीन महिन्यांची बोचरी थंडी लागते; ती नाशिकच्या हिवाळ्यात नाही. तुम्हाला थंडीत, झाडाच्या सावलीत फुलणारं काही हवं असेल तर कोरांटी लावा. जांभळी किंवा पांढरी. पावसाळ्यात वीतभर फाटे खोचले की लागतात. वाईला आमच्या विहिरीच्या कडेला, आंब्याखाली होती. पहाटे आई देवासाठी परडी भरून आणायची.