बडोद्याहून सॅन फ्रान्सिस्को: विमानाने अंतर किती, वेळ किती?

तुमचे आई-बाबा पहिल्यांदाच बहिणीकडे सॅन फ्रान्सिस्कोला निघालेत आणि तुम्ही अंतर, वेळ विचारलीय. सरळ अंतर साधारण 13,150 किलोमीटर. पण हरणीच्या आपल्या विमानतळावरून तिकडे थेट विमान नाही, त्यामुळे खरा हिशेब घराच्या दारापासून धरा: तीसेक तास.

मी आईला पाठवलं ते अहमदाबादहून, दुबईमार्गे. वयस्कर माणसांसाठी मला तोच रस्ता बरा वाटतो. एक्सप्रेस वेने गाडी थेट विमानतळावर, सामान एकदाच उचलायचं. दुबईपर्यंत तीन तास, पुढे सलग सोळाच्या आसपास. मिळून 14,800 किलोमीटर होतात. मुंबईहून जायचं तर रेल्वेने बोरिवलीला उतरून टॅक्सीने सहार गाठावं लागतं. चार बॅगा घेऊन तो फलाट नको. दिल्लीहून सरळ अंतर सगळ्यात कमी, सुमारे 12,400, पण आधी दिल्ली गाठायची.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या, कमी किलोमीटर म्हणजे कमी वेळ असं नसतं. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. रस्ता सुमारे 1,400 किलोमीटरनी लांब, एकूण 15,300, तरी साडेचौदा तासांत पोचलं, म्हणजे नेहमीपेक्षा लवकर. कारण वरचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला तो मागून ढकलतो, पश्चिमेकडे जाणाऱ्याला समोरून अडवतो. शिवाय एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या आपल्या विमानांना वळसा पडू लागला. म्हणून जुन्या उत्तरांतले तास धरू नका, तिकिटावरचे बघा.

घड्याळाचं आई-बाबांना आधीच समजावून सांगा. तिथली वेळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा तास मागे, हिवाळ्यात साडेतेरा. त्यामुळे इथून पहाटे निघालेलं विमान तिथे त्याच तारखेला उतरतं. परतताना उलट: सोमवारी रात्री निघालं की भारतात येईपर्यंत बुधवार उजाडतो. घ्यायला जाणाऱ्याने तारीख नीट बघावी.

तिकीट पूर्ण प्रवासाचं एकच काढा. दोन वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर पुढचं बुडतं आणि भरपाई कुणी देत नाही. मधला थांबा तीन-चार तासांचा असू द्या. दीड तासात दुबईचं टर्मिनल पार करणं गुडघे दुखणाऱ्या माणसाला झेपत नाही. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, आईला तिचा फार आधार झाला: ढकलणारा माणूस सुरक्षा तपासणीपासून थेट गेटपर्यंत सोबत होता, कुणाला काही विचारावं लागलं नाही. गोळ्या हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. आणि बहिणीचा पत्ता व फोन नंबर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून बाबांच्या खिशात ठेवा. इमिग्रेशनच्या खिडकीवर तो विचारतात, आणि मोबाईलची बॅटरी तोवर संपलेली असू शकते.