डिसेंबरात साउथला निघतेयस तर

अगं,

तुझ्या अमेरिकेतल्या साउथच्या रोड ट्रिपची एक्सेल शीट बघितली. रंगबिंग मस्त दिलेयस, पण नऊ दिवसांत अटलांटा, नॅशव्हिल, मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स, मॉन्टगोमेरी, बर्मिंगहॅम, सव्हाना आणि वर चार्ल्स्टन? तू विचारलंयस की अजून काय घालू, आणि मी सांगणारे काय काढ.

नॅशव्हिल, मेम्फिस, चार्ल्स्टन काढून टाक. गावं चांगली आहेत, पण तिथे तुझं कोणी नाही, आणि मेम्फिसहून न्यू ऑर्लिन्स म्हणजे जवळजवळ ४०० मैल, तो अख्खा दिवस गाडीतच जातो. तुझी तीन मित्रमंडळी आहेत अटलांटा, न्यू ऑर्लिन्स आणि बर्मिंगहॅमला. त्यांच्यासाठी निघालीयस ना? मग प्रत्येकाकडे किमान दोन रात्री रहा. रात्री अकराला पोचायचं, बॅग टाकायची, सेल्फी काढायचा आणि सकाळी नऊला पुढे निघायचं, ह्याला भेट म्हणत नाहीत गं, ते फुकटचं हॉटेल झालं. शीटमध्ये गॅसचा, म्हणजे पेट्रोलचा, कॉलम आहे, टोलचा आहे, पण त्या तिघांना कुठल्या तारखा जमतात ह्याचा कुठेच नाही. ते आधी विचार. बर्मिंगहॅमवाला लॅबमध्ये काम करतो म्हणालीस, लॅबला ख्रिसमस असतोच असं नाही.

आणि त्यांना गाईड करू नकोस. न्यू ऑर्लिन्सच्या मैत्रिणीकडे वर्षभर कोणी ना कोणी येत असणार आणि ती बिचारी दरवेळी त्याच बेन्येच्या (पिठीसाखर घातलेला तळलेला गोड पाव) लाइनमध्ये उभी राहत असणार. शहर तू तुझं तुझं सकाळी बघ, संध्याकाळ तिच्या घरी घालव. निघताना मॉरिसव्हिलच्या देशी दुकानातून भाजणी, गोडा मसाला, मेतकूट असं काय मिळेल ते घे, आणि एक दिवस तू स्वयंपाक कर. रोज एकट्यापुरता कुकर लावणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या हातचं पिठलं-भात मिळालं की तो काय काय बोलायला लागतो बघ.

आता रूट. रॅलेहून अटलांटा साधारण ४०० मैल, आय-८५ हायवे पकडायचा आणि सुटायचं. तिथे दोन रात्री. तोच ८५ पुढे मॉन्टगोमेरीत जाऊन संपतो, १६० मैल, तिथे एक रात्र, नीट वाच, एक अख्खी रात्र. मग आय-६५ ने मोबील आणि तिथून आय-१० ने न्यू ऑर्लिन्स, दोन रात्री. परत येताना आय-५९ ने बर्मिंगहॅम, दोन रात्री, आणि शेवटची रात्र सव्हाना. बर्मिंगहॅम ते सव्हाना परत ४०० मैल आहे आणि जॉर्जियात शिरलं की घड्याळ एक तास पुढे जातं, त्यामुळे त्या दिवशी पहाटे निघ. जाताना हाच एक तास अलाबामात फुकट मिळतो, पण त्यात फसायला होतं, कारण डिसेंबरात मॉन्टगोमेरीला पावणेपाचला अंधार पडायला लागतो. तुझ्या शीटमध्ये तिथे संध्याकाळी पाच ते सात असं लिहिलंय.

मॉन्टगोमेरीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण तू ते जेवणाचा स्टॉप म्हणून टाकलंयस. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स या काळ्या बाईंना गोऱ्या माणसासाठी बसमधली जागा सोडली नाही म्हणून अटक झाली ती इथेच, आणि मग ३८१ दिवस काळ्या लोकांनी इथल्या सिटी बसवर पाय ठेवला नाही. कामाला चालत गेले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले. मार्टिन ल्यूथर किंग तेव्हा इथल्याच डेक्स्टर अॅव्हेन्यूच्या चर्चमध्ये पास्टर होते, वय २६. पण मी तुला मुद्दाम पाठवतेय ते २०१८ मध्ये उघडलेल्या लिंचिंगच्या स्मारकाकडे. टेकडीवर मोठा मांडव असल्यासारखं आहे, आत गंजक्या रंगाचे ८०० च्या वर लोखंडी खांब, एकेका काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) एकेक, त्यावर जमावाने मारलेल्या माणसांची नावं आणि तारखा. सुरुवातीला खांब आपल्या उंचीचे असतात, नाव डोळ्यांसमोर येतं, चालता चालता जमीन खाली उतरत जाते आणि खांब वरच राहतात, शेवटी सगळे डोक्यावर टांगलेले आणि आपण मान वर करून नाव शोधत असतो. काही ठिकाणी नावच नाही, नुसतं 'अननोन'. गावातल्या म्युझियममध्ये काचेच्या बरण्या आहेत, जिथे माणूस मारला तिथली माती भरून आणलेली, प्रत्येकीवर नाव. एक लाल, एक काळी, एक वाळूसारखी. तिथे फोन खिशातच ठेव. ही ठिकाणं आठवड्यात काही दिवस बंद असतात, त्यामुळे तारखा ठरवताना आधी वेबसाइट बघ, नंतर हॉटेल.

एवढं बघितल्यावर बर्मिंगहॅमला मित्र लॅबमध्ये असताना केली इंग्रॅम पार्कला जा, समोरच सिक्स्टीन्थ स्ट्रीटचं चर्च आहे, १९६३ मध्ये तिथे बॉम्ब लावला आणि चार मुली गेल्या. आणि अटलांटात किंग यांच्या पार्कमध्ये गांधीजींचा पुतळा आहे तो बघ. १९५९ मध्ये किंग भारतात आले होते, मुंबईत मणिभवनात राहिले होते. दादरला वाढलेल्या मुलीने मणिभवन आतून बघितलं नसेल तर ते वेगळं बोलू.

न्यू ऑर्लिन्समध्ये गाडी एकदा पार्क केली की विसर. आतमध्ये जॅकेटसुद्धा दिसेल असं ठेवू नकोस, काच फोडतात. सेंट चार्ल्सची हिरवी ट्राम पकड, ही लाइन १८३५ पासून चालू आहे आणि भाडं सव्वा डॉलर. खिडकीची जागा मिळाली तर झाडांच्या फांद्यांकडे लक्ष ठेव, मागच्या मार्डी ग्राच्या, म्हणजे तिथल्या कार्निव्हलच्या, मण्यांच्या माळा अजून लोंबत असतात. बेन्ये खायला काळे कपडे घालून जाऊ नकोस, नुसती पिठीसाखर उडते. सोबतच्या कॉफीत चिकोरी असते, आपल्याकडच्या फिल्टर कॉफीवाल्यांना ती लगेच आवडते.

खाण्याचं. तू व्हेज आहेस म्हणून सांगते, साउथमध्ये भाजी दिसली म्हणून ती व्हेज असेल असं धरू नकोस. कोलार्डची पालेभाजी, फरसबी, रेड बीन्स, सगळ्यात डुकराचा तुकडा नाहीतर सॉसेज असतं, आणि विचारलंस तर प्रेमाने सांगतील, "थोडंसंच आहे, हनी." गंमत म्हणजे मॅक अँड चीज तिथल्या मेनूत भाज्यांमध्ये धरतात, तुझं पोट त्याच्यावर आणि कॉर्नब्रेडवर भरेल. एक जानेवारीला सगळीकडे चवळी खातात, वर्ष चांगलं जावं म्हणून, पण तीसुद्धा मांस घालून. मित्राकडे असशील तर सरळ आपली उसळ टाका. आणि गॅस स्टेशनवर 'बॉइल्ड पीनट्स' पाटी दिसली तर थांबच. उकडलेल्या शेंगाच त्या, खारट गरम पाण्यातून डावाने काढून देतात, टरफलातलं पाणी कोपरापर्यंत येतं. हायवेवरच्या मॉटेलच्या काउंटरवर बहुतेक गुजराती काका-काकू भेटतील, त्यांना विचार जवळपास व्हेज काय मिळतं, अॅपपेक्षा बरं सांगतात.

थंडीला कमी समजू नकोस. साउथमध्ये बर्फ पडतच नाही हे पोरांना कोण सांगतं कळत नाही. जानेवारी २०१४ मध्ये अटलांटात दोन-अडीच इंच पडला आणि लोक रात्रभर हायवेवर गाड्यांत अडकले, मुलं शाळेतच झोपली. जानेवारी २०२५ मध्ये तर न्यू ऑर्लिन्सलाच आठेक इंच झाला आणि आय-१० बंद. तिथे रस्ते साफ करायच्या गाड्या कमी आणि लोकांना बर्फात चालवायची सवय नाही. पाऊस पडून रात्री टेंपरेचर ३२ फॅरेनहाइटच्या (शून्य सेल्सियसच्या) खाली जाणार असेल तर सकाळी दहापर्यंत निघूच नकोस, आधी पूल गोठतात, आणि लुइझियानाचा आय-१० म्हणजे पुलांमागून पूल. तिथे दलदलीवर धुकंही येतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये आय-५५ वर धुकं आणि धूर एकत्र होऊन दीडशेच्या वर गाड्या एकमेकींवर आदळल्या. म्हणून दोन्हीकडे एकेक दिवस पुढे-मागे करायची तयारी ठेव, मित्राच्या सोफ्यावर जास्तीची एक रात्र काढावी लागली तर काही बिघडत नाही.

पोलिसाने थांबवलं तर गाडीतून उतरायचं नाही. आपल्याकडे आपण उतरून साहेबांकडे जातो, इथे तसं केलंस तर तो घाबरतो. उजवीकडे थांबव, काच खाली, हात स्टिअरिंगवर, आणि कागद काढायच्या आधी सांग की पर्समधून काढतेय. पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद डिकीतल्या बॅगेत टाकू नकोस, हाताशी ठेव. जॉर्जियात फोन हातात धरून गाडी चालवणं २०१८ पासून बेकायदा आहे, नकाशा स्टँडवर लाव. गाडीच्या रेंटलच्या कागदावर सोबत येणाऱ्या रूममेटचं नाव घाल, पंचविशीच्या आतल्यांना जास्त पैसे लावतात म्हणून वाचवायला जाऊ नका, ती चालवत असताना काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करतील.

शनिवारी दुपारी फोन कर, तेव्हा गाडीचं बघू.

तुझी,
मावशी

ता.क. २५ तारखेला रस्त्यावर असाल तर जवळजवळ सगळं बंद असेल, टाकी २४ लाच भरून ठेव. वॉफल हाउसची हॉटेलं तेवढी चालू असतात, दिवसरात्र, ३६५ दिवस. हॅशब्राउन (परतलेला बटाट्याचा कीस) कांदा आणि चीज घालून मागव, आणि वेट्रेसला टिप नेहमीपेक्षा जास्त ठेव, ती सणाच्या दिवशी कामावर आलीय.